पहिला मिररलेस कॅमेरा: बॉडीच्या आधी लेन्सचा विचार

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत 'कोणता मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घेऊ' हाच प्रश्न आहे. मात्र पत्र पुढे वाचलं की लक्षात येतं, अडचण असते ती लेन्सची. मंचावरची मुलगी, पाण्यावरचा पक्षी किंवा पावसातला घाट यांतलं काय टिपायचं, हे एकदा ठरलं की लेन्स ठरते आणि लेन्स ठरली की बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची, यादी दोन-तीन नावांवर येते. म्हणून खालच्या उत्तरांत लेन्स आधी येते.

प्रश्न : आतापर्यंत सगळे फोटो फोनवरच काढले. आता मिररलेस घ्यायचा आहे. बजेट ऐंशी-नव्वद हजार. मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन, घरचे समारंभ आणि वर्षातून दोन सहली एवढाच वापर होईल. दुकानदार बॉडी आणि दोन लेन्सचा सेट घ्या म्हणतो. घ्यावा का? (कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या यादीतला सगळ्यात अवघड फोटो स्नेहसंमेलनाचा आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. उदाहरणासाठी कॅनन आर५० घेऊ. तिच्या दोन लेन्सच्या सेटमध्ये १८-४५ आणि ५५-२१० मिळतात (हे आकडे मिमीत; आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ येतं). १८-४५ पूर्ण झूम केली की तिचं अ‍ॅपर्चर एफ ६.३ पेक्षा जास्त उघडत नाही (अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं). ५५-२१० ला टोकाला एफ ७.१ वर थांबावं लागतं. मंचावर भरपूर उजेड आहे असं डोळ्यांना वाटतं, पण समजा आयएसओ (सेन्सरची उजेडाला दाद देण्याची पातळी) ३२०० ला एफ ६.३ वर कॅमेऱ्याने शटर १/२५ सेकंद दाखवलं, तर तेवढ्या वेळात नाचणाऱ्या मुलीचे हात पार पुसले जातात. तिथेच एफ १.८ ची लेन्स लावली तर बारा पट उजेड आत येतो आणि शटर १/३०० वर जातं. लेन्सवरच्या 'आयएस' किंवा 'व्हीआर' या सोयींचा इथे उपयोग नाही. त्या तुमच्या हाताचा कंप सावरतात, समोरच्याची हालचाल थांबवत नाहीत.

म्हणून दुसरी झूम लेन्स सोडा. बॉडीबरोबर साधी किट लेन्स घ्या आणि वाचलेल्या पैशांत एफ १.८ च्या आसपासची एक प्राइम लेन्स, म्हणजे झूम न होणारी लेन्स घ्या.

कोणती प्राइम, हे तुमचा फोनच सांगेल. गॅलरीतले आवडते शंभर फोटो निवडा आणि प्रत्येकाच्या माहितीत तो किती झूमवर काढला आहे ते पाहा. फोनचा १ एक्स हा फुल फ्रेमच्या (३६ गुणिले २४ मिमीच्या मोठ्या सेन्सरच्या) हिशेबात साधारण २४ ते २६ मिमी असतो, म्हणजे २ एक्स जवळपास ५० मिमी झाला. तुम्ही पाहत असलेल्या कॅमेऱ्यांत सेन्सर त्याहून लहान, एपीएस-सी आकाराचा असतो. त्यामुळे या आकड्यांना कॅननसाठी १.६ ने, तर निकॉन, सोनी, फुजीसाठी १.५ ने भागायचं. बरेच फोटो १ एक्सवर, घरातल्या खोलीत काढलेले असतील तर १६ ते २४ मिमीची लेन्स शोधा. २ एक्स आणि ३ एक्सवरचे चेहरे जास्त असतील तर ३० ते ५० मिमीची.

अंतराचा हिशेबही करून ठेवा. आर५० वर ५० मिमी लेन्स लावून सात मीटरवरून पाहिलं तर सुमारे तीन मीटर रुंदीचं दृश्य मावतं. पहिल्या-दुसऱ्या रांगेतून मंचासाठी हे अगदी योग्य आहे. पण घरातल्या हॉलमध्ये तीन मीटरवर उभं राहिलात तर जेमतेम सव्वा मीटर मिळतं, म्हणजे बारशाला पाळण्याभोवतीच्या बायकांपैकी दोघी-तिघीच येतील. तिथे किट लेन्स १८ वर ठेवून खिडकीच्या उजेडाकडे पाळणा सरकवावा. निकॉनची २४ मिमी एफ १.७ घरात जास्त उपयोगी पडते, मात्र मंचासाठी ती दूरची वाटते.

तुमच्या बजेटमध्ये आर५०, १८-४५ आणि कॅननची ५० एफ १.८ हे त्रिकूट बहुधा बसेल. ही ५० ची लेन्स फक्त १६० ग्रॅमची आहे. तिच्यात आयएस नाही आणि आर५० च्या बॉडीतही सेन्सर स्थिर करणारी यंत्रणा नाही, त्यामुळे शटर १/८० च्या खाली नेऊ नका. हात मोठे असतील तर निकॉन झेड५० टू एकदा धरून पाहा. तिची पकड खोल आहे, पण वजन साडेपाचशे ग्रॅम आहे, तर आर५० बॅटरीसकट ३७५ ग्रॅमची. सहलीला गळ्यात दिवसभर कोणती राहील, ते तुमच्या मानेला विचारा. पाच-सहा हजार कार्ड, दुसरी बॅटरी आणि पिशवीसाठी बाजूला काढायला विसरू नका.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी शटर १/२५० वर पक्कं करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, आयएसओ ऑटो ठेवून वरची मर्यादा ६४०० द्या आणि डोळा ओळखणारा फोकस चालू ठेवा. ६४०० ला फोटो थोडा दाणेदार येईल आणि ते चालेल. हललेला फोटो मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण सावरत नाही.

प्रश्न : जुना सेकंडहँड फुल फ्रेम घेतला तर पुढे पुन्हा खर्च नको, असं मित्र सांगतात. नवा एपीएस-सी घ्यावा की हे? (ठाणे)

उत्तर : फुल फ्रेमचा सेन्सर ३६ गुणिले २४ मिमी असतो, तर एपीएस-सीचा साधारण २३.५ गुणिले १५.६ मिमी. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त आहे, हे खरं. त्यामुळे त्याच अ‍ॅपर्चरला आणि त्याच शटरला कमी उजेडात सव्वा स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आसपास फायदा होतो. पण पुढचा खर्च संपतो हे पटत नाही, कारण खर्च बॉडीकडून लेन्सकडे सरकतो. सिग्माची एपीएस-सीसाठीची १८-५० एफ २.८ ही लेन्स २९० ग्रॅमच्या आसपास आहे. फुल फ्रेमवर तसंच काम करणारी निकॉनच्या २४-७० एफ २.८ ची पहिली आवृत्ती आठशे ग्रॅमची आहे आणि किंमतही कैक पट. पैसे वाचवायला फुल फ्रेमवर एफ ४ ते ७.१ ची स्वस्त झूम लावली, तर मोठ्या सेन्सरने मिळवलेलं अ‍ॅपर्चरमध्ये गमावलं.

काहीजण फुल फ्रेम बॉडीवर एपीएस-सीची लेन्स चालवून घेऊ म्हणतात. लेन्स बसते, पण कॅमेरा फक्त मधला भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलच्या बॉडीतून साडेदहाच्या आसपास उरतात.

नवशिक्याला नवा एपीएस-सी आणि एक चांगली लेन्स हा जास्त शहाणपणाचा मार्ग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही सेकंडहँड घ्यायचाच असेल, मग तो फोर्टातल्या बोरा बाजारातून असो की ओळखीच्या माणसाकडून, तर स्वतःचं कार्ड आणि एक छोटी टॉर्च घेऊन जा. पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो एफ १६ ला, मुद्दाम फोकस बिघडवून काढा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसेल. धूळ साफ होते, पण ओरखडा असेल तर सौदा सोडून द्या. लेन्स काढून अ‍ॅपर्चर उघडं ठेवून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स बसवून हलकेच हलवा, माउंट, म्हणजे लेन्स बसते ती कडी, खुळखुळता कामा नये. कार्ड आणि बॅटरी दोन-तीनदा काढून घालून बघा. बॉडीवरचा सीरियल नंबर बिलाशी जुळतो का हे शेवटी न चुकता पाहा.

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी५३०० हा आरसा असलेला डीएसएलआर कॅमेरा आहे, सोबत १८-५५, ५५-२०० आणि वडिलांची फिल्म कॅमेऱ्याच्या काळातली ५० एफ १.८ डी. मिररलेसवर या चालतील का? (नागपूर)

उत्तर : निकॉनच्या झेड मालिकेच्या, म्हणजे मिररलेस बॉडीवर एफटीझेड नावाचा अडॅप्टर लावून तिन्ही बसतात. अडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे फोटोची प्रत बिघडत नाही. पहिल्या दोन लेन्स एएफ-एस किंवा एएफ-पी प्रकारच्या असतील (लेन्सच्या गळ्यावर लिहिलेलं असतं), तर ऑटोफोकस आणि व्हीआर दोन्ही चालतात. वडिलांच्या लेन्सला स्वतःची मोटर नाही. बॉडीतल्या मोटरने स्क्रू फिरवून तिचा फोकस होतो. ती मोटर एफटीझेडमध्ये नाही आणि तुमच्या डी५३०० मध्येही नव्हती. म्हणजे तुम्ही आजही ती हातानेच फोकस करत असणार. उलट मिररलेसवर ते सोपं होईल. फोकस पीकिंग चालू केलं की स्पष्ट भागाच्या कडा रंगीत दिसतात आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य मोठं करून डोळ्याच्या पापणीवर फोकस आणता येतो. ही लेन्स विकू नका.

१८-५५ साठी मात्र अडॅप्टर घेऊ नका. नव्या बॉडीबरोबर येणारी १६-५० ही लेन्स १३५ ग्रॅमची आहे. जवळपास तेवढंच वजन एकट्या अडॅप्टरचं असतं. अडॅप्टरची किंमत खरी वसूल होते ती ५५-२०० आणि ५० या दोघींमुळे. (कॅननवाल्या वाचकांसाठी: डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स कॅननच्याच अडॅप्टरने आरएफ, म्हणजे मिररलेस बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. तिथे हा स्क्रूचा प्रश्नच येत नाही, कारण ईएफच्या पहिल्या लेन्सपासून, म्हणजे १९८७ पासून मोटर लेन्समध्येच आहे.)

प्रश्न : ट्रेकिंगसाठी दोन लेन्स न्याव्यात की एकच? पावसाळ्यातच जास्त फिरणं होतं. (सातारा)

उत्तर : एकच. कॅननची १८-१५० किंवा निकॉनची १८-१४०, दोन्ही सव्वातीनशे ग्रॅमच्या आत आहेत. पावसात, वाऱ्यात, कड्यावर लेन्स बदलणं हेच धोक्याचं काम आहे. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो. बऱ्याच बॉडींत लेन्स काढली की सेन्सर थेट उघडा पडतो आणि एक थेंब पडला तरी डाग राहतो. बदलायचीच वेळ आली तर कॅमेरा बंद करा, तोंड जमिनीकडे धरा, दुसरी लेन्स आधी मोकळी करून हाताशी ठेवा आणि पाठ वाऱ्याकडे करा.

सुरुवातीच्या किमतीतल्या बॉडी आणि या दोन्ही लेन्स पाण्यापासून सुरक्षित नसतात. आंघोळीची प्लास्टिकची टोपी कॅमेऱ्यावर चढवली की भुरभुर पावसात काम भागतं. कासच्या पठारावरची फुलं बोटाच्या पेराएवढी असतात, तेव्हा वाटेवरूनच १०० ते १५० वर झूम करून काढा. पाय फुलांत टाकला तर रोपं चिरडतात.

प्रश्न : हॉलमध्ये आवाज न करणारं शटर वापरलं तर फोटोत आडवे पट्टे येतात आणि व्हिडिओ लुकलुकतो. कॅमेरा खराब आहे का? (इचलकरंजी)

उत्तर : कॅमेरा ठीक आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. आवाज न करणारं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एका झटक्यात वाचत नाही, वरून खाली ओळीने वाचतं. काही ओळी दिवा तेजीत असताना वाचल्या जातात, काही मंद असताना, आणि तेच पट्टे दिसतात.

फोटोसाठी मेकॅनिकल शटर निवडा, किंवा शटर १/१०० अथवा १/५० वर ठेवा. या वेळात दिव्याचं चक्र पूर्ण होतं, म्हणून सगळ्या ओळींना सारखा उजेड मिळतो. बऱ्याच बॉडींत अँटी-फ्लिकर नावाची सोय असते. ती दिव्याच्या तेजीची वेळ साधून शटर मारते. नाच किंवा खेळ टिपायला १/२५० हवंच असेल तेव्हा मेकॅनिकल शटरबरोबर ही चालू करा. व्हिडिओसाठी मेनूतल्या व्हिडिओ पद्धतीत एनटीएससीऐवजी (ती ६० हर्ट्झसाठी) पाल (५० हर्ट्झसाठी) निवडा, २५ फ्रेम ठेवा आणि शटर १/५०. तीस फ्रेम आणि १/६० ठेवल्यामुळेच बहुतेकांचा व्हिडिओ लुकलुकतो. मंचामागच्या एलईडी पडद्यासमोर मात्र हा हिशेब चुकतो, कारण त्याची लुकलुक वीजपुरवठ्याच्या गतीने होत नाही. तिथे शटर थोडं थोडं बदलत पट्टे जिथे सगळ्यात फिके होतील तो आकडा शोधावा लागतो.

खरेदीच्या वेळी हा मुद्दा लक्षात ठेवा. सोनी झेडव्ही-ई१० टूमध्ये मेकॅनिकल शटरच नाही. ती बॉडी मुख्यतः व्हिडिओसाठी आहे. हॉलमधले फोटो काढणाऱ्याने ती घेऊ नये.

प्रश्न : आर५० घेतला, पण माझा जुना फ्लॅश वर बसवूनही उडत नाही. (बार्शी)

उत्तर : आर५० च्या हॉट शूमध्ये, म्हणजे वरच्या फ्लॅशच्या खोबणीत, जुन्या पद्धतीचे, मधल्या मोठ्या बिंदूचे संपर्क नाहीत. फ्लॅश खोबणीत बसतो, पण त्याला इशाराच पोचत नाही. कॅननचा एडी-ई१ अडॅप्टर लागतो. लग्नाची कामं घेण्याचा विचार असलेल्यांनी हा खर्च आधीच धरावा किंवा आर१० पाहावा, त्यावर जुने संपर्क आहेत.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते. लेन्स कशी वाचवायची? तांदळाच्या डब्यात ठेवतात म्हणे. (सावंतवाडी)

उत्तर : तांदूळ नको. त्याची पूड लेन्सच्या फटींत जाते आणि दमटपणा शोषण्याची त्याची ताकद फारच कमी आहे. किनारपट्टीवर लेन्स बिघडते ती बहुतेक वेळा पडून नाही, बुरशीनेच. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली आणि वस्तू अंधारात, न हलवता पडून राहिली की बुरशी धरते. कॅमेऱ्याची बॅग कपाटात बंद करून ठेवणं म्हणजे तिच्यासाठी घर बांधून देणं. बॅगेचं कापड आणि फोम ओलावा धरून ठेवतात. चामड्याचं कव्हर त्याहून वाईट.

रबरी कडा असलेला, चारही बाजूंनी खटके लागणारा दहा-बारा लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ३० च्या खाली बरेच दिवस राहिला तर रबर आणि वंगण कोरडं पडतं, तेव्हा थोडं जेल काढून घ्या. रंग बदलणारं जेल घेताना नारिंगीचं हिरवं होणारं घ्या. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते अंगाला अपायकारक आहे. रंग बदलला की जेल पसरट ताटात घालून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास तापवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात ठेवा. गरम जेल ठेवलं तर डब्यात वाफ धरते. जुलै-ऑगस्टमध्ये हे दर पंधरा-वीस दिवसांनी करावं लागेल. तीन-चार लेन्स झाल्या की विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घेणं परवडतं.

आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढा, झूम आणि फोकसच्या रिंगा फिरवा, चार फोटो काढा. समुद्रावरून आलात तर मिठाचे कण किंचित ओलसर मायक्रोफायबरने टिपून, कोरड्याने पुसून मगच डब्यात ठेवा. गार एसी गाडीतून एकदम बाहेर पडताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून वीस-तीस मिनिटं तसाच राहू द्या. दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही.

एखाद्या लेन्समध्ये धागे दिसलेच तर ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि लवकर सफाईला द्या. बुरशीच्या आम्लाने काचेवरचा थर खाल्ला की सफाईनंतरही खूण राहते.

प्रश्न : भिगवणला फ्लेमिंगो काढायचे आहेत. ५५-२१० पुरेल? (पुणे)

उत्तर : थव्यासाठी पुरेल, एकट्या पक्ष्यासाठी नाही. कॅननवर २१० म्हणजे ३३६ मिमीचं दृश्य. १००-४०० घेतली तर ६४० मिळतं आणि वजन ६३५ ग्रॅमच असल्याने होडीत हातात धरता येते. तिचं अ‍ॅपर्चर ४०० ला एफ ८ आहे, म्हणून सूर्य थोडा वर आल्याशिवाय उडता पक्षी पकडायला जाऊ नका. उडत्या पक्ष्याला शटर १/१६०० ते १/२०००, चरणाऱ्याला १/५०० पुरतं. प्राणी-पक्षी ओळखणारा फोकस सतत चालू ठेवा. दहा वाजल्यानंतर पाणी तापून हवा थरथरते आणि लांबचा फोटो कितीही महागड्या लेन्सने मऊच येतो. कुंभारगावातून निघणाऱ्या होडीत उजाडता उजाडता बसलात, तर पक्षी जवळही मिळतात आणि हवाही स्थिर असते.

प्रश्न : ऑनलाइन बराच स्वस्त मिळतोय, शिवाय १२८ जीबीचं कार्ड फुकट. घेऊ का? (लातूर)

उत्तर : पक्कं जीएसटी बिल आणि कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड मिळतंय का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. 'दुकानाची वॉरंटी' हे शब्द आले तर माल बाहेरून आणलेला असण्याची शक्यता मोठी, आणि असा कॅमेरा कंपनीचं इथलं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत घेईलच असं नाही. डबा आल्यावर सीरियल नंबर डब्यावर, बॉडीवर आणि बिलावर एकच आहे ना, ते पाहा.

फुकट कार्डाबद्दल जास्त काळजी घ्या. खोटं कार्ड संगणकाला १२८ जीबी दाखवतं, प्रत्यक्षात १६ किंवा ३२ च असतं. जागा संपल्यावरही ते फोटो घेत राहतं आणि नंतर फायली उघडत नाहीत. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचतं. १२८ जीबीला तासभर किंवा जास्त लागतो, पण समारंभाच्या आधी तेवढा वेळ द्याच. नवं घेताना व्ही३० लिहिलेलं कार्ड निवडा, ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं. १०० मेगाबिटच्या फोरके व्हिडिओला साडेबारा एमबी लागतात. एका मोठ्या कार्डाऐवजी ६४ जीबीची दोन घ्या, आणि प्रत्येक वेळी फोटो संगणकावर उतरवून झाल्यावर फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा.